विश्रांतीसाठी टोबॅगो

प्रवासाचे दोनच प्रकार आपल्या घरांना ठाऊक आहेत. एक यात्रा आणि दुसरे लग्नकार्य. दोहोंत पुरुष दमतात आणि स्त्रिया त्यांहून अधिक दमतात, कारण पुरुषाची कचेरी मागे राहते. स्वयंपाकघर मात्र डबे, परात व पोळपाटासह स्त्रीच्या पाठोपाठ येते. आमच्या सौभाग्यवतींनी एकत्र कुटुंबाचा स्वयंपाक चाळीस वर्षे सांभाळला आहे. आता मुलांनी आम्हां उभयतांस पंधरा दिवस समुद्रापार विश्रांतीस पाठविण्याचे मनावर घेतले, तेव्हा स्थळाची परीक्षा आम्ही एकाच कसोटीवर केली. तेथे त्यांना चुलीपुढे उभे राहावे लागू नये.

कॅरिबियन समुद्रात बेटे पुष्कळ आहेत. वाळू, माड आणि निळे पाणी सर्वत्र सापडते. शाकाहारी मनुष्याची सोय सर्वत्र इतकी सुलभ नाही. त्रिनिदाद व टोबॅगो या जोडराष्ट्रात ती आहे, आणि तिचे मूळ इतिहासात आहे. गुलामगिरी उठल्यावर उसाच्या मळ्यांना माणसे हवी होती. ३० मे १८४५ रोजी ‘फातेल रझाक’ हे जहाज हिंदुस्थानातील करारबद्ध मजुरांना घेऊन त्रिनिदादला लागले, आणि ही भरती १९१७ पर्यंत चालली. बहुतेक मजूर गंगेच्या खोऱ्यातले, भोजपुरी बोलणारे. पणतवंडांच्या तोंडून ती भाषा बहुतांशी गेली. डाळ मात्र गेली नाही. तेथील ‘दालपुरी’ ही वाटाण्याची वाटलेली डाळ पोटात घालून लाटतात. आपल्या पुरणपोळीची ही खारी बहीणच म्हणावयाची. ‘डबल्स’ म्हणजे दोन मऊ तळलेले ‘बारा’ आणि त्यांवर छोल्यांची आमटी. हे सकाळीच रस्त्यावर गरमागरम मिळतात. एवढे ऐकल्यावर सौ.नी प्रथमच नकाशा जवळ ओढला.

तथापि विश्रांती त्रिनिदादमध्ये नव्हे. ते तेल व वायूच्या कारखान्यांचे गजबजलेले बेट आहे. गुन्ह्यांच्या वाढीमुळे ३० डिसेंबर २०२४ रोजी तेथे आणीबाणीही जाहीर झाली होती. निघण्यापूर्वी सरकारी सूचना पाहाव्यात आणि राजधानीत रात्री हिंडू नये. दोन दिवस तेथे काढून टोबॅगोस जावे; विमानाने अर्धा तासही लागत नाही. टोबॅगो अवघे तीनशे चौरस किलोमीटरांचे आहे. अक्षांश सुमारे ११, म्हणजे आपल्या कोझिकोडचाच. पश्चिमेकडील पिजन पॉइंट व स्टोअर बे येथे समुद्र शांत असतो. बुकू येथील प्रवाळाच्या पलीकडे ‘नायलॉन पूल’ नावाची जागा आहे. भर समुद्रात पाणी कमरेइतकेच, तळाशी पांढरी वाळू. पोहता न येणाऱ्यासही तेथे होडीतून उतरून उभे राहता येते.

या बेटाच्या कण्यावरील अरण्य १७७६ साली कायद्याने राखले गेले, तेही पाऊस टिकावा एवढ्याच हेतूने. वृक्ष व पर्जन्य यांचा संबंध स्टीव्हन हेल्स या शास्त्रज्ञाने सांगितला. सोम जेनिन्स या पार्लमेंटच्या सभासदाने तो सरकारच्या गळी उतरविला. सभोवार उसासाठी रान तोडले जात असताना हे घडावे, याचे आम्हांस समुद्रापेक्षाही अधिक कौतुक वाटते. अर्धा दिवस तेथे वाटाड्यासह जावे. बाकीचे दिवस रिकामे ठेवावेत. मुलांनी करून दिलेले अकरा ठिकाणांचे कोष्टक आम्ही परत केले.

काळ निवडताना घाई नको. जानेवारी ते मे कोरडा हंगाम. जून ते नोव्हेंबर वादळांचा. टोबॅगो वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेस असले तरी १९६३ साली ‘फ्लोरा’ने ते उद्ध्वस्त केले होते. कार्निव्हलच्या दिवसांत निवांतपणा मिळावयाचा नाही. म्हणून त्यानंतरचा मार्च-एप्रिल आम्ही धरला आहे. त्या सुमारास कासविणी रात्री वाळूत अंडी घालण्यास येतात. किनाऱ्यावर एक सावधगिरी हवी : मँचिनील नावाच्या झाडाखाली, विशेषतः पावसात, उभे राहू नये. त्याचा चीक बिब्ब्यासारखा कातडी जाळतो, आणि सफरचंदासारखे दिसणारे फळ विषारी आहे.

भारतातून सरळ विमान नाही. अमेरिकेतून जावयाचे तर केवळ विमान बदलण्यासाठीही तेथील परवाना लागतो. घड्याळ साडेनऊ तास मागे जाते, तेव्हा पहिले दोन दिवस झोपेचेच समजावेत.

खरी अडचण परतीची आहे. त्रिनिदाद पीतज्वराच्या यादीत असल्याने लसीचा दाखला नसेल तर मायदेशी उतरताच सहा दिवसांपर्यंत विलग ठेवतात. दाखला लस टोचल्यानंतर दहाव्या दिवसापासून चालतो. आणि ही लस सरकारमान्य केंद्रांतच मिळते. पण साठीनंतर प्रथमच ती घेणाऱ्यास क्वचित गंभीर अपाय होतो, म्हणून डॉक्टरांचा निर्णय तिकिटापूर्वी घ्यावा. आमची प्रकृती बरी आहे, सौ.च्या तपासण्या मात्र अद्याप व्हावयाच्या आहेत. त्यांना लस मना झाली तर आम्ही एकटे जाणार नाही, हे मुलांना सांगून टाकले आहे. तोवर पंचांगातील तारीख पेन्सिलीनेच लिहिलेली आहे.