मांडीवरचे सूत

वैनगंगेला पूर आला की बातम्यांत कारध्याचे नाव येते. एरवी पुलापलीकडच्या भंडाऱ्याचे. त्याच पुलावरून मी बत्तीस वर्षे, आधी सायकलने व पुढे स्कूटरने, यंत्रकाम शिकवायला गेलो. आईचे माहेर आंधळगावचे, कोसा विणणाऱ्या कोष्ट्यांचे. उकडलेल्या कोशांचे तंतू ती उघड्या मांडीवर तळहाताने वळून एक धागा करीत असे. कातडी सोलवटून निघे. "तू त मशीनचा मास्तर, मले काही तरी करून दे ना," असे ती दोन-तीनदा म्हणाली. मोटर लागेल, भांडवल लागेल, असे मी दरवेळी सांगितले. खरे कारण निराळे होते. तसले सुतारकाम मला माझ्या शिक्षणापेक्षा हलके वाटे.

मॉरिस फ्रीडमन यांच्याविषयी मी वाचले ते निवृत्तीनंतर. हे पोलिश ज्यू विद्युत अभियंते 1930च्या दशकात म्हैसूरचे दिवाण मिर्झा इस्माईल यांच्या निमंत्रणावरून बंगळूरचा सरकारी कारखाना चालवायला आले आणि पुढे औंधात रमले. 1939 मध्ये औंधच्या राजांनी प्रजेला सत्ता दिली, त्या राज्यघटनेच्या घडणीत त्यांचा हात होता. आटपाडीजवळचे स्वतंत्रपूर, कैद्यांची ती बिनभिंतीची वसाहत, त्यांच्याच पुढाकाराची. उत्तरायुष्यात त्यांनी निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणे इंग्रजीत आणली. मुंबईतच ते वारले.

मी मात्र थबकलो ते धनुष-तकलीपाशी. गांधीजींच्या सहवासात फ्रीडमन यांनी सिद्ध केलेले हे कातण्याचे साधन. एक चाती, तिला आधार आणि ती फिरवणारे धनुष्य; मोठे चाक नाहीच. विजेची यंत्रे जाणणाऱ्या माणसाला हे हलके वाटले नाही. त्याने आधी कातणाऱ्याचा हात पाहिला असावा.

धनुष-तकली कापसासाठी, कोशाला ती उपयोगी पडली नसती, एवढे मला कळते. पण पायाने फिरणारी एखादी चाती मी नक्की बसवू शकलो असतो. आईने शेवटपर्यंत विचारायचे मात्र सोडून दिले होते.

आता वळणाची तयार यंत्रे मिळतात. आंधळगावच्या मामेबहिणीच्या घरी अजून आलेले नाही. गेल्या महिन्यात तिच्याजवळ बसून मी कागदावर पावडी आणि चाती काढली. तिने कागद निरखून पाहिला.

"दादा, पावडी थोडी खाली घे. माहा पाय नाही पुरत."