आजींची साक्ष

माझ्या मावसबहिणीचं सासर डोईफोडियाचं. बऱ्हाणपूर जिल्ह्यातलं गाव. सरकारी कागद हिंदी, घरातलं बोलणं मराठी. काही वर्षांपूर्वी तिथे एका लग्नाला गेले होते. रात्री आम्ही बायका अंगणात लसूण सोलत बसलो होतो. कोर्टकचेरीच्या गोष्टी निघाल्या आणि बहिणीच्या आजेसासूबाई एकदम म्हणाल्या, "म्या बी साक्ष देली होती, लहानपणी."

आठ-नऊ वर्षांच्या असतील तेव्हा. शेजारच्या घरात खून झालेला त्यांनी पाहिला होता. कोर्टातली हिंदी त्यांना धड कळेना. आणि ज्याच्याविरुद्ध बोलायचं तो माणूस चार हातांवर उभा!

"तो माह्याकडंच पाहे. मंग मी काहीच बोलली नाही."

तो सुटला. पुढे कितीतरी वर्षं त्याच गल्लीत राहिला. आजी रोज त्याच्या दारावरून पाण्याला जायच्या.

गोव्याला परतल्यावरही ती गोष्ट मनातून जाईना. आमच्या गोव्यात १९९१ साली मडगावचं फ्रेडी पीट्स प्रकरण उघडकीला आलं. अनाथ मुलांच्या आश्रयाच्या नावाखाली चाललेलं ते लैंगिक शोषण. १९९६ साली त्याला जन्मठेप झाली. पुढे २००३ साली गोव्याने मुलांसाठी स्वतंत्र कायदा केला, बाल न्यायालयाची तरतूद केली. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने 'साक्षी' खटल्यात सांगितलं, की पीडित आणि आरोपी यांच्यामध्ये पडदा असावा, उलटतपासणीचे प्रश्न लिहून न्यायाधीशांकडे द्यावेत. २०१२ च्या पॉक्सो कायद्यात तर हे लेखीच आलं. मुलाला आरोपी दिसू नये, पण मुलाचं बोलणं आरोपीला ऐकू यावं आणि त्याला आपल्या वकिलाशी बोलता यावं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. पडदा नजर अडवतो, आरोपीचा बचाव नाही.

महाराष्ट्रातल्या एका खटल्यात पीडित मुलगी मूकबधिर होती. तिची साक्ष झाली नाही म्हणून उच्च न्यायालयाने आरोपीला सोडलं. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि अशा साक्षीदारांसाठी खास केंद्रं उभारायला सांगितलं. २०२२ साली 'असुरक्षित साक्षीदारा'ची व्याख्या आणखी रुंदावली. केवळ लहान मुलंच नव्हेत. अपंग, मानसिक आजारी, धमकीच्या छायेतले, आणि न्यायालयाला तसे वाटतील ते सगळे.

हे वाचताना वाटलं, आता आजींसारखी मुलगी कोर्टात आली तर तिच्यासाठी पडदा असेल. तिची बोली समजणारं कुणीतरी जवळ बसेल. तिला घाई करणार नाहीत.

पुढच्या खेपेला गेले तेव्हा हे सगळं मी आजींना उत्साहाने सांगितलं. विचारलं, "आजी, तेव्हा पडदा असता तर बोलला असता ना?"

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "बोलली असती, माय. पण पडदा कोर्टात. गावात कोण लावन?"

२०१८ पासून साक्षीदार संरक्षण योजना आहे. धोका जोखून पहारा देता येतो, वेळप्रसंगी दुसरीकडे राहायची सोयही करता येते. पण पाण्याची वाट तीच असेल, तर त्या वाटेवर मुलीसोबत चालायचं काम कुठल्याही कायद्याला एकट्याने जमायचं नाही. ते शेजाऱ्यांचं. म्हणजे तुमचं-माझं.