एक ठेका, अनेक कंठ

जमेका बेटांतील रेगे संगीतांत ‘रिडिम’ म्हणून एक प्रकार आहे. ड्रम व बास गिटार यांनीं बांधलेली पायाची चाल म्हणजे रिडिम. तिच्यावर एक गायक आपलें गीत बसवितो, दुसरा आपलें. तिसरा तर गातच नाहीं, नुसता तालांत बोलत जातो. अशीं निरनिराळ्या कलावंतांचीं गाणीं एकत्र केलीं म्हणजे रिडिम-संग्रह तयार होतो. रूपी एडवर्ड्स या निर्मात्यानें १९७४ सालीं काढलेला ‘यामाहा स्कँक’ हा या प्रकारांतील पहिला संग्रह समजला जातो.

मला या संगीताची गोडी लागली ती ‘दिवाळी’ या नांवामुळें. स्टीव्हन ‘लेंकी’ मार्सडन यानें रचलेल्या एका रिडिमचें हें नांव. १८४५ पासून करारानें मजुरीस गेलेल्या हिंदी लोकांबरोबर हा सण त्या बेटावर पोहोंचला. रिडिममध्यें मात्र पणत्या शोधूं नयेत. तेथें ऐकूं येतात त्या लयदार टाळ्या. २००२ सालीं या रिडिमचा संग्रह निघाला. याच टाळ्यांवर शॉन पॉल लोकांस नाचावयास बोलावतो, वेन वंडर हळुवार प्रीति आळवितो आणि बाउंटी किलर गांजलेल्यांचें दुःख मांडतो. शॉन पॉलचें ‘गेट बिझी’ तर २००३ सालीं अमेरिकेंत लोकप्रियतेच्या यादींत पहिलें आलें.

आमच्या घरीं हा संग्रह सुरू झाला कीं वडील मंडळी विचारतात, “अहो, पुन्हां पुन्हां तेंच काय?” शंका रास्त आहे. पण जात्यावरच्या ओव्यांची तरी चाल कोठें बदलत असे? चाल एकच, एकीची ओवी माहेराची, दुसरीची लेंकराची. चाल ओळखीची झाली म्हणजे कान आपोआप गाणारीच्या मनाकडे वळतो. पाया समाईक असला म्हणून कोणाचा आवाज लोपत नाहीं. उलट एकाच पायामुळें प्रत्येकाचें वेगळेपण उठून दिसतें.

एक गोष्ट मात्र मनाला बोंचते. किंग्स्टन शहरांतील ‘स्टुडिओ वन’मध्यें साउंड डायमेन्शन या वादकसंचानें ‘रियल रॉक’ ही चाल वाजविली, ती १९६० नंतरच्या दशकांत. पुढें कित्येक गायकांनीं तिच्यावर आपलीं गाणीं उभारलीं. त्या काळच्या अनेक वादकांस एकदांच ठराविक मेहनताना मिळे आणि तेथेंच हिशेब संपे. गायकाचें नांव वेष्टनावर ठळक. ज्यानें पाया घातला त्याचें पुष्कळदां कोठेंच नाहीं.

एकत्र कुटुंबांत हें निराळें का असतें? पहांटे उठून दहा जणांचे डबे भरणाऱ्या काकूच्या बळावर कोणी परीक्षेंत पहिला येतो, कोणी कचेरींत बढती मिळवितो. पेढे वांटतांना तिची आठवण कितीजणांस होते?

म्हणून नवा रिडिम-संग्रह हातीं आला कीं मी गायकांच्या आधीं वादकांचीं नांवें शोधतो. सांपडलीं तर घरांतील मुलांस तीं मोठ्यानें वाचून दाखवितो. मगच गाणें लावतो.