जतहून पालमपर्यंत

सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकास जत तालुका आहे. एका अंगास विजापूर, दुसऱ्या अंगास सोलापूर. बाजारात मराठी नि कानडी एकाच तोंडी नांदतात. 'जत रोड' नावाचे स्थानक मिरज-पंढरपूर लोहमार्गावर आहे खरे, परंतु नावावर विसंबून तेथे उतरणाऱ्या प्रवाशास पुढे किती वाट तुडवावी लागते, हे ज्याचे त्याने अनुभवावे. पाऊस थोडा, जमीन हलकी. म्हणूनच की काय, या मुलखात कोणतीही वस्तू सहसा टाकून देण्याची रीत नाही. बैलगाडीची झिजलेली धाव लोहाराच्या भात्यापुढे जाते आणि खुरपी होऊन परत येते. असल्या गावाहून आम्ही दिल्लीस गेलो, तेव्हा पालम येथील वायुसेनेच्या संग्रहालयात जे लिबरेटर विमान पाहिले त्याची हकीकत आम्हांस मुळीच परकी वाटली नाही.

चार यंत्रांचे ते धूड अमेरिकेत घडलेले. पंखांचा विस्तार ११० फूट. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने ब्रिटनला जी सामग्री उसनवार दिली तीत ही बाँबफेकी विमाने होती. उसनवारीची अट अशी, की युद्ध संपताच माल परत करावा, त्याची किंमत द्यावी, नाहीतर तो निकामी करावा. तेव्हा कानपूरजवळ चकेरीच्या तळावर जमा केलेल्या विमानांची, ती पुन्हा उडू नयेत एवढ्याचसाठी, हेतुपुरस्सर मोडतोड करण्यात आली आणि राज्यकर्ते निघून गेले. चांगली वस्तू दुसऱ्याच्या हाती जाऊ नये म्हणून फोडून ठेवायची, हा व्यवहार करारात बसत असेल. आमच्या लोहारास तो समजावून सांगणे कठीण आहे.

ज्या १९४८ साली जतचे डफळ्यांचे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, त्याच साली बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्याची माणसे या बेवारस विमानांकडे वळली. कारखाना १९४० साली वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर दरबाराच्या साहाय्याने काढलेला. वालचंद जन्माने सोलापूरचे. सांगलीचे अभियांत्रिकी महाविद्यालय त्यांच्याच नावाने चालते, त्यामुळे आमच्या भागातील किती तरी घरांत ते नाव पदवीच्या कागदावर टांगलेले आहे. कारखान्याच्या कारागिरांनी त्यातल्या त्यात बरी विमाने निवडली, एकाचे अवयव दुसऱ्यास बसविले आणि एका उड्डाणापुरती ती सज्ज केली. पुढचे काम कारखान्याचे परीक्षक-वैमानिक जमशेद कैकोबाद मुन्शी यांचे. कानपूर ते बंगळूर हे सुमारे १,५०० किलोमीटरचे अंतर. ते त्यांनी एकामागून एक अशा चाळीसच्या आसपास विमानांतून ओलांडले. खरी दुरुस्ती बंगळुरास झाली. त्या वर्षाच्या नोव्हेंबरात वायुसेनेचे पाचवे पथक याच विमानांवर उभे राहिले, आणि पुढे १९६८ पर्यंत ती सेवेत होती. काही वर्षे ती पुण्याच्या तळावरही असत.

आता प्रश्न असा, की हे करणे उचित होते काय? मालकीविषयी आमचे मन स्वच्छ आहे. ज्याने वस्तू फोडून टाकली त्याने तिच्यावरील हक्क सोडला; आणि नुकत्याच स्वतंत्र झालेल्या, दारिद्र्याने गांजलेल्या देशास तिची गरज होती. जोखमीविषयी मात्र तितक्या सहजतेने बोलवत नाही. मुन्शींनी आपला जीव जाणून-बुजून पणाला लावला, त्यांचा तो अधिकार होता. परंतु वाटेतील खेड्यांना कोणी विचारले होते? एखादे यंत्र भर मार्गात बंद पडते तर आज आपण ही कथा कौतुकाने सांगत बसलो नसतो. तरीही देशाच्या रक्षणासाठी पत्करलेली ती जोखीम आम्ही क्षम्य मानतो.

पुढे याच ताफ्यातील विमानांवर जगातील संग्राहकांच्या उड्या पडल्या. कॅनडा, अमेरिका येथे काही गेली. गमतीची गोष्ट ही, की ज्या ब्रिटिशांनी ती मोडली त्यांच्याच वायुसेनेच्या संग्रहालयात १९७४ साली त्यांतील एक जाऊन बसले! अमेरिकेतील कॉलिंग्ज फाउंडेशन या संस्थेने असेच एक हिंदी लिबरेटर पुन्हा उडते केले. याच संस्थेचे दुसरे एक युद्धकालीन विमान, बी-१७ जातीचे, २ ऑक्टोबर १९१९ नव्हे, तर २०१९ रोजी (शतकाची चूक वाटावी इतके जुने ते यंत्र) कनेक्टिकट राज्यात उतरताना कोसळले आणि सात माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील पाच हौसेचे प्रवासी होते. निगा अपुरी होती असे चौकशीत आढळले. येथे कोणाच्या रक्षणाचा प्रश्न नव्हता. तिकीट घेणाऱ्यास यंत्राच्या पोटातील गोष्ट कळण्याचा मार्गही नव्हता. असले विमान संग्रहालयात उभे असलेलेच बरे, असे आम्हांस वाटते.

याहून निराळी गोष्ट त्या विमानांची, ज्यांत माणसे अजून निजलेली आहेत. ७ फेब्रुवारी १९६८ रोजी आपल्या वायुसेनेचे एएन-१२ विमान १०२ जणांसह रोहतांगच्या परिसरातील हिमात नाहीसे झाले. सातारा जिल्ह्यातील अपशिंग्यासारख्या गावांत जेथे घरोघरी फौजेची परंपरा आहे, तेथील गृहिणीस विचारावे, देह न मिळता क्रियाकर्म करणे म्हणजे काय असते. २००३ साली गिर्यारोहकांना त्याचे अवशेष दिसले. तेव्हापासून सैन्याच्या तुकड्या वारंवार त्या हिमनदीवर चढल्या. तेथून आठवण म्हणून पत्र्याचा तुकडाही कोणी खिशात घालू नये, कारण ती रणभूमी नसली तरी स्मशानभूमी आहे. तेथील शोधाला यंत्राच्या किमतीचा हिशेब लागू पडत नाही, आणि चढणाऱ्या जवानांची जोखीम आम्हांस व्यर्थ वाटत नाही. २०२४ च्या सप्टेंबरात, छप्पन्न वर्षांनंतर, तेथून आणखी चार देह खाली आणण्यात आले. त्यांतील काहींची ओळख अंगावर सापडलेल्या कागदपत्रांवरून पटली आणि ते आपापल्या गावी पोहोचविण्यात आले.