वस्तरा

न्हाव्याच्या धोकटीत काय काय असायचं, हे आता पोरांना सांगावं लागतं. कातड्याची पिशवी, तिच्यात वस्तरा, कात्री, कंगवा, नखं काढायची नराणी, तुरटीचा खडा, पितळेची वाटी, हाताएवढा आरसा आणि धारेचा दगड. आमच्या वडूज भागात येरळेच्या काठानं वस्त्या-वस्त्यांवर ही धोकटी आठ-पंधरा दिवसांनी दारात यायची. जावळ असो, लग्न असो, नाहीतर दहाव्याचा घाट असो, धोकटीशिवाय माणसाचं काहीच होत नव्हतं. आणि या सगळ्याचं मोल काय? तर सुगीला खळ्यावर शाळवाच्या चार पेंढ्या आणि पायली-दोन पायली दाणं.

आमच्याकडं यायचे त्यांना आम्ही पोरं तात्या म्हणायचो. आबांपेक्षा ते वयानं मोठे. पण आबा त्यांना ‘अरे’ म्हणायचे आणि ते आबांना ‘मालक’. गावाची रीतच तशी होती. मला लहानपणापासून एका गोष्टीची गंमत वाटायची. एवढे तापट आबा, पण तात्यांनी हनुवटी वर केली की डोळे मिटून गप्प. उघडा गळा आणि त्यावर वस्तरा. त्या घडीला मालक कोण आणि बलुतेदार कोण?

बहात्तरच्या दुष्काळात खळीच झाली नाहीत, मग बलुतं कुठलं? तात्या दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. आम्हीही तिथंच होतो. लाल मिलो आणि सुकडी सगळ्यांनी सारखीच खाल्ली. संध्याकाळी तात्या हातांना तेल चोळत बसायचे. म्हणायचे, “दगडानं हात जड हुतो. जड हात गालाला चालत न्हाई.” पुढं पाऊस आला, पण बलुतं काही पहिल्यासारखं परत आलं नाही. त्यांची पोरं मुंबईला दुकानात गेली.

1994 साली आबांना अर्धांगवायू झाला. वाचा गेली, उजवा हात गेला. दाढी वाढली की ते डाव्या हातानं गाल खाजवत राहायचे. बाजारातले दुकानवाले वस्तीवर यायला तयार नव्हते. टोपाझचं पान घालून यंत्रानं करावी, तर आठ दिवसांचे राठ केस त्यात अडकायचे आणि आबा तोंड फिरवायचे. तात्यांचा हात तोवर कापायला लागला होता. मी त्यांच्याकडं गेलो आणि म्हणालो, “तात्या, मला शिकवा.”

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “भावकी काय म्हणंल, मालक?” भावकी म्हणालीच. “आता धोकटीच घ्या की काखेला!” आई तेवढी म्हणाली, “बापाची दाढी हाय, लाज कसली?”

पहिले चार दिवस तात्यांनी वस्तरा कातडीला लावूच दिला नाही. आधी पट्टा. आम्ही शेतकरी विळ्याला धार लावतो तेव्हा धार दगडावर पुढं लोटतो. चामड्याच्या पट्ट्यावर उलटं. पाठ पुढं, धार मागं. टोकाला गेल्यावर पाठीवरच पातं उलटायचं आणि माघारी यायचं. धार पुढं केली की पट्टा कापला जातो आणि धारही मरते. मग त्यांनी परड्यातला कोवळा दुधी मागवला. कोवळ्या दुधीवर बारीक लव असते, बाईमाणसाला विचारा. साबण लावून ती लव काढायची, पण सालीवर ओरखडा उठता कामा नये. असे आठ-नऊ दुधी झाले. घरात रोज दुधीचीच भाजी!

त्यानंतर गाल. गरम पाण्याचं फडकं गालावर ठेवून केस मऊ करायचे. साबणाचा फेस चांगला जिरवायचा. डाव्या हातानं कातडी ताणायची, वस्तऱ्याची पाठ गालापासून जराशीच उचलायची आणि केसाच्या कलानं खाली यायचं. “वस्तरा कापत न्हाई रं लेका, हात कापतो. तू नुसता धर, त्यो त्याचा चालतो.”

‘लेका’ हा शब्द मी ऐकला. त्या दिवसापासून मी त्यांचा मालक राहिलो नाही. शिकवणारा वर आणि शिकणारा खाली बसलेला, हे मला फार बरं वाटलं.

आबांची दाढी मी तीन वर्षं केली. बोलता येत नव्हतं, तरी झाल्यावर ते डावा हात गालावरून फिरवायचे आणि माझ्याकडं बघायचे. उभ्या आयुष्यात मी बापाच्या तोंडाला एवढा कधी हात लावला नव्हता.

पुढं वाचनालयात वाचताना या हत्याराची थोरवी कळली. प्रतापगडावरचा जिवा महाला आणि पन्हाळ्यावर राजांच्या वेशात मरण पत्करणारा शिवा काशीद, दोघंही याच समाजातले. आणि 1890 साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं मुंबईतल्या नाभिकांनी ठरवलं, की विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही. हातात धार असणं आणि ती कुठं चालवायची नाही हे ठरवणं, यातलं दुसरं जास्त अवघड.

आता दुकानातही अर्धं पान घालायचा वस्तरा असतो. एड्सच्या भीतीनं गिऱ्हाईकागणिक पान बदलायची पद्धत आली, आणि ते योग्यच आहे. एकाचा वस्तरा दुसऱ्याला लावू नये. माझा मात्र माझ्यापुरता आहे. तात्यांनीच दिलेला, पात्यावर सोलिंगेनचा छाप असलेला. आठवड्यातून दोनदा, धारा काढून झाल्या की ओसरीवर बसतो. पट्ट्यावर पातं फिरतं, त्याचा आवाज येतो, गालावर केस तुटताना बारीक खरखर ऐकू येते. त्या वीस मिनिटांत पाऊस, कांद्याचा भाव, सोसायटीचं कर्ज यातलं काही डोक्यात येत नाही. आलं तर गाल कापेल!

झाल्यावर पातं पुसून कोरडं करतो आणि खोबरेल तेलाचं बोट फिरवून ठेवतो. नातू म्हणतो, “आजोबा, दोन मिनिटांत होतंय की यंत्रानं.” मी म्हणतो, “व्हय बाबा, होतंय.” परवा मात्र तो परड्यातनं एक कोवळा दुधी घेऊन आला.