अमानतीचा हिशेब

सोसायटीच्या कमिटीत काम करणे म्हणजे काय, हे कमिटीत नसलेल्याला सांगणे कठीण. पगार नाही, मानधन नाही. पण टाकीत पाणी चढले नाही तर रात्री अकरा वाजता दार आमचेच वाजते. “कमिटी सो गयी क्या?” हा सवाल आम्ही जिन्यात किती वेळा ऐकला, त्याची मोजदाद नाही.

आमची सोसायटी मुंब्रा-कौसा भागातली. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईच्या अनेक वस्त्यांतून माणसे लेकराबाळांसह इकडे आली. गरज मोठी होती, घाई त्याहून मोठी. इमारती भराभर उभ्या राहिल्या. डोक्यावर छप्पर आले, याचाच शुक्र होता. सिमेंट किती आणि रेती किती, हे विचारण्याचे ते दिवस नव्हते.

त्या काळातल्या इमारती आज तिशी ओलांडत आहेत. महानगरपालिका कायद्याप्रमाणे ३० वर्षांनंतर नोंदणीकृत अभियंत्याकडून इमारतीची तपासणी करून घ्यावी लागते. अहवालात ‘सी-१’ आले तर इमारत अतिधोकादायक, म्हणजे रिकामी करून पाडायची. ‘सी-२बी’ आले तर घरे न सोडता दुरुस्ती. एका अक्षरावर आणि आकड्यावर पन्नास कुटुंबांचा संसार! ४ एप्रिल २०१३ रोजी शिळफाट्याजवळ बेकायदा इमारत कोसळून ७४ माणसे गेली. तेव्हापासून भिंतीला तडा दिसला की आमच्याकडे कोणी त्यावर नुसता चुना फासत नाही.

तरीही तपासणीचा विषय सभेत निघाला तेव्हा वरच्या मजल्यावरचे बुजुर्ग चाचा उठले. “एक बार घर छोड़ा है, मास्टर. अब काग़ज़ के लिए फिर छोड़ें?” कोणाच्याच तोंडून शब्द फुटेना. कायद्याचे कलम वाचून दाखवणे सोपे. या सवालाला ते पुरे पडत नाही. पुढचे दोन आठवडे आम्ही पाचही जण घरोघरी बसलो, चहा प्यायलो, ऐकून घेतले. पालिकेशी पत्रव्यवहार मराठीत करायचा, म्हणून ते काम बाकी चौघांनी आमच्यावर टाकले. दिवसभर वर्गात अलिफ-बे, संध्याकाळी ‘महोदय’. प्रत्येक अर्ज पाठवण्याआधी जिन्याखाली उर्दूत समजावून सांगायचा, हा नियम आम्ही घातला.

खरा वाद पैशावरून झाला. वर्गणी थकवणाऱ्यांची नावे नोटीस बोर्डावर लावावीत, असे एकाने सुचवले. नमाजच्या वेळांच्या तक्त्याशेजारी थकबाकीदारांची यादी! त्या यादीत शिवणकामावर घर चालवणारी एक विधवा आपाही आली असती. कोणी म्हणाले, हिशेब उघडा हवा. कोणी म्हणाले, दुसऱ्याची तंगी झाकणे हाही दीनचाच भाग आहे. आम्हाला दोन्ही खरे वाटले. शेवटी ठरले, की खर्च पैन्‌पैचा बोर्डावर लावायचा: अभियंत्याची फी, प्लंबर, मोटार, सगळ्याच्या पावत्या. नावे मात्र वहीतच राहतील.

आपांचा हिस्सा दोघांनी गुपचूप भरायची तयारी दाखवली. त्यांना कळले. म्हणाल्या, “मास्टर, ख़ैरात नको. हप्ता बांधून द्या, आणि पावती द्या.” दर महिन्याला त्या हप्ता आणून देतात आणि पावती घडी घालून नेतात. ज्यांची दुकाने चालतात त्यांच्यापैकी काहींकडून वसुली अजून व्हायची आहे.

अहवाल ‘सी-२बी’ आला. घर सोडावे लागणार नाही. खांबांची दुरुस्ती सुरू आहे, धूळ सगळ्यांच्या डाळीत पडते आहे, तक्रारी चालूच आहेत.

मशिदीच्या चंद्याचा हिशेब मागणे आपल्याला जमते. तीच सवय जिन्यापर्यंत का येऊ नये? सोसायटीचा पैसा हीसुद्धा अमानतच. कायद्याने कमिटीत महिलांसाठी जागा राखीव आहेत. आमच्याकडे त्या रिकाम्या आहेत. पाणी किती वाजता येते आणि कोणत्या भिंतीला ओल आहे, हे घरातल्या बायांइतके कोणाला ठाऊक? सप्टेंबरअखेरच्या वार्षिक सभेत आपांचे नाव सुचवायचे आम्ही ठरवले आहे. पावती मागणारे माणूस कमिटीत हवेच.