तिसऱ्या मालकाचं मत

बैलकुप्पे, बुधवार, १२ फेब्रुवारी २०२५

लोसार, म्हणजे तिबेटी नववर्ष, अठ्ठावीसला आहे. थंडीत स्वेटर विकायला गावोगाव गेलेली तिबेटी कुटुंबं परतू लागली आहेत, त्यामुळे संध्याकाळी रस्त्यावर गाड्या वाढल्या. नामद्रोलिंगच्या सोनेरी मंदिरापाशी पर्यटकांच्या नव्या कोऱ्या गाड्या लागतात. इथल्या तिबेटी वसाहतीतल्या गाड्या मात्र बहुतेक हात बदलून आलेल्या. मारुतीची ओम्नी, बोलेरो, जुनी इनोव्हा, मधूनच एखादी क्वालिस.

लेक-जावयांना सात माणसं बसतील अशी गाडी घ्यायची आहे; जुनीच, कारण नवी परवडत नाही. जावईबापू मोबाइलवर कंपन्यांच्या क्रमवाऱ्या बघतात. लेक म्हणाली, "बाबा, बेळगावात जन्मभर पोरांना संख्याशास्त्र शिकवलंत, आता हे तेवढं निस्तरून द्या." निवृत्त माणसाला असं काम कुणी दिलं की बरं वाटतं.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

योगायोग असा की जे. डी. पॉवर या अमेरिकी सर्वेक्षण कंपनीचा टिकाऊपणाचा वार्षिक अहवाल कालच आला. तीन वर्षं जुन्या गाड्यांच्या मूळ मालकांना विचारायचं, गेल्या बारा महिन्यांत काय काय बिघडलं. मग दर १०० गाड्यांमागे किती तक्रारी ते मोजायचं. लेक्सस पहिली, १४० तक्रारी. ब्यूक दुसरी, १४३. सगळ्यांची सरासरी २०२. गेल्या वर्षी ती १९० होती.

जावयांना हिशेब मांडून दाखवला. पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकात फरक शंभर गाड्यांमागे तीन तक्रारींचा. सरासरी गाडीचा मालक वर्षात दोनदा कुरकुरतो आणि अव्वल गाडीचा साधारण दीडदा. क्रमांक लावला की फट दरीएवढी दिसते. "वर्गात पहिला आणि दुसरा यांच्यात अर्ध्या गुणाचा फरक असला तरी बक्षीस एकालाच मिळतं," असं जावई म्हणाले. चांगले विद्यार्थी आहेत.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. या मोजणीत प्रत्येक तक्रार एकच धरतात. इंजिन बसलं तरी एक, फोन गाडीच्या पडद्याशी जोडला जात नाही तरी एक. यंदा सर्वांत जास्त ओरड या दुसऱ्या प्रकारचीच आहे. आपण घेऊ त्या गाडीला पडदाच नसेल, तर हा त्रास आधीच वजा.

सोमवार, १७ फेब्रुवारी

कावेरी ओलांडून कुशलनगरला गेलो. नदीच्या अलीकडे म्हैसूर जिल्हा, पलीकडे कोडगू. तिथल्या एका गॅरेजात जावयांची ओळख आहे. मेकॅनिक कन्नड बोलतो, मला 'मेष्ट्रे' म्हणजे मास्तर म्हणतो आणि बोलताना हात थांबवत नाही. क्रमवारीबद्दल विचारलं तर त्याने वर न बघता विचारलं, "त्यांनी कुणाला विचारलं?"

मूळ मालकाला, म्हटलं. यावर तो हसला. त्याच्याकडे मूळ मालक येतच नाही. वॉरंटी आहे तोवर गाडी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये जाते. वॉरंटी संपते, मालक गाडी विकतो, मग ती इकडे येते. क्लच प्लेट, लोअर आर्मचे बुश, शॉकअप, डिझेलचे नोझल ही खरी दुखणी सुरू होतात ती या दुसऱ्या संसारात. जे. डी. पॉवरने भारतात टिकाऊपणाची पाहणी केली तीही अडीच ते साडेतीन वर्षं वयाच्या गाड्यांची. म्हणजे गाडी पंधरा वर्षं रस्त्यावर राहणार आणि तिची साक्ष संपणार चौथ्या वर्षाच्या आत. बैलकुप्प्यात गाडी पोहोचते त्यानंतर. इथल्या कुणाचंही मत त्या आकड्यांत नाही.

बुधवार, १९ फेब्रुवारी

दिवसभर वाचन. पॉवर कंपनीचा इतिहास मजेदार आहे. तिचं नाव झालं ते १९७३ साली, माझदाच्या रोटरी इंजिनामुळे. मालकांना विचारल्यावर कळलं की तीस ते पन्नास हजार मैलांच्या दरम्यान पाचांतल्या एकाचं ओ-रिंग सील निकामी होऊन इंजिन जातंय. शोरूममध्ये हे कुणाला दिसणं शक्य नव्हतं. टिकाऊपणाच्या प्रश्नावर मोठी झालेली हीच कंपनी १९८७पासून 'सुरुवातीची गुणवत्ता' मोजू लागली: गाडी घेतल्यापासून पहिल्या ९० दिवसांतल्या तक्रारी. भारतातल्या पाहणीत हीच मुदत दोन ते सहा महिने होती. बक्षीस मिळालेल्या कंपन्या ते जाहिरातीत वापरतात आणि त्याचे पैसे सर्वेक्षणवाल्यांना देतात.

जून २०२४मध्ये या पहिल्या-नव्वद-दिवसांच्या यादीत रॅम ही पिकअपवाली कंपनी अव्वल आली. त्याच वर्षी डिसेंबरात कन्झ्युमर रिपोर्ट्सची विश्वासार्हतेची यादी निघाली: सुबारू, लेक्सस, टोयोटा. हे मासिक जाहिराती घेत नाही, आपल्या सभासदांना अनेक वर्षांच्या गाड्यांबद्दल विचारतं आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या बिघाडाला किरकोळ खडखडीपेक्षा जास्त वजन देतं. टोयोटा तिथे तिसरी का, याला एक संदर्भ आहे: इंजिनात धातूचा कीस राहिल्यामुळे त्याच वर्षी टुंड्रा आणि लेक्सस एलएक्स मिळून सुमारे १,०२,००० गाड्या परत बोलवाव्या लागल्या. नाव जुनं असलं तरी मॉडेल नवं असतं.

जर्मनीत दोन वेगळ्या वह्या आहेत. ट्यूफच्या अहवालात सक्तीच्या तपासणीत सापडलेले दोष, तेही बारा-तेरा वर्षांच्या गाड्यांपर्यंत. आणि एडीएसी या वाहनचालक संघटनेकडे रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांची नोंद. तिथे मालकाच्या स्वभावाला जागा नाही. गाडी तपासणीत नापास झाली किंवा बंद पडली. आपल्याकडेही टॅक्सीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस लागतो. तो कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात राहतो.

शनिवार, २२ फेब्रुवारी

बेंगळुरूला लग्न. वसाहतीतल्या एका तिबेटी टॅक्सीवाल्याची इनोव्हा केली. वय माझ्याएवढंच, तरुणपणी हिवाळ्यात कोल्हापूरला स्वेटर विकत असे, त्यामुळे हिंदीत मधूनच 'काय की ओ' येतं. त्याची आधीची गाडी क्वालिस होती. टर्बो नाही, कंप्युटर नाही. कुठलाही मेकॅनिक उघडू शकेल असं डिझेल इंजिन.

बिडदी आलं तेव्हा त्याने हात करून सांगितलं, दोन्ही गाड्या इथल्याच कारखान्यातल्या. टोयोटा किर्लोस्कर १९९७ची. क्वालिस बाजारात आली जानेवारी २०००मध्ये आणि २००५ला तिची जागा इनोव्हाने घेतली. क्वालिस आली तेव्हा गाड्यांच्या जाणकारांनी तिला जुनाट ठोकळा म्हटलं होतं. मुळात ती इंडोनेशियातल्या किजांगचं रूप. टॅक्सीवाल्यांनी मात्र उचलून धरली. बेळगावच्या माणसाला यात जुनी गोष्ट ऐकू येते. बेळगावातच धंदा सुरू केलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर पहिल्यांदा शेतकऱ्यांनी नाकारला होता. लोखंडाने जमीन बिघडेल म्हणून. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली असं सांगतात.

उलटी बाजूही आहे. ३० डिसेंबर १९९८ला आलेल्या टाटा इंडिकाने सुरुवातीला ग्राहकांच्या भरपूर तक्रारी ऐकल्या. २००१ला सुधारलेली व्हीटू आली आणि पुढे तीच टॅक्सीवाल्यांच्या गळ्यातला ताईत झाली. त्यामुळे सुरुवातीच्या गुणवत्तेची मोजणी फुकट आहे असं मी म्हणणार नाही. कारखान्याला ती लवकर जागं करते. जुनी गाडी घेणाऱ्याच्या कामाची ती नाही, इतकंच.

परतताना विचारलं, इनोव्हाच का? तो म्हणाला, "सर, मठाचं विमानतळाचं भाडं घेऊन गाडी हुणसूरला थांबली, तर त्या दिवसाचे पैसे जातातच, पण तो मठ मला परत बोलवत नाही." तक्रारींची संख्या त्याच्या हिशेबात नव्हतीच. थांबण्याची किंमत होती.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

जुन्या गाड्या पाहून आलो. भाव ऐकून डोळे उघडले. दहा वर्षांची इनोव्हा मागेल ती किंमत घेते. तिच्याहून नवी, कमी पळालेली एर्टिगा तिच्यापेक्षा कितीतरी स्वस्त. म्हणजे इथेही एक क्रमवारी आहे, पुनर्विक्रीच्या भावाची. तिसऱ्या मालकाचं मत मोजणारी मला दिसलेली ही एकमेव यादी, आणि मत देणारा आपल्या खिशातले पैसे मोजून मत देतो.

पण तीही डोळे झाकून घेऊ नये. आज रस्त्यावर दिसणाऱ्या जुन्या क्वालिस या उरलेल्या आहेत. भंगारात गेलेल्या साक्षीला येत नाहीत. शिवाय गाडी टिकते ती कधी कधी यंत्रापेक्षा भोवतालामुळे. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये बंद झाली ती बिघडली म्हणून नाही, २० वर्षांची मुदत संपली म्हणून. तोवर सुटे भाग आणि कारागीर शहरभर होते.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

उद्या लोसार. दुपारी घरच्यांपुढे निकाल ठेवला. इनोव्हा जास्त टिकते हे खरं, पण तो टिकाऊपणा विकणाऱ्याने किमतीत आधीच वसूल केलेला आहे. टॅक्सीवाल्याला तो परवडतो, कारण त्याचा थांबलेला दिवस महाग आहे. आपण रविवारी म्हैसूरला जाणार, एरवी कुशलनगरचा बाजार. आपला थांबलेला दिवस म्हणजे बसचं तिकीट. तेव्हा एर्टिगा घ्यावी, वाचलेल्या पैशांतले काही दुरुस्तीसाठी बँकेत वेगळे ठेवावेत. आणि पंधरा वर्षं उलटलेली गाडी स्वस्त मिळाली तरी नको. नोंदणी नव्याने करायचं शुल्कच २०२२पासून ६००चं ५,००० झालंय.

जावयांना हे पटलं. लेकीने विचारलं, "आणि ती कंपनी टिकाऊपणात कितवी?" मी म्हटलं, ते विचारण्याआधी या विशिष्ट गाडीची सर्व्हिसची बिलं माग. कंपनीचा क्रमांक हजारो गाड्यांची सरासरी सांगतो; आपण विकत घेणार त्यातली एक, कुणीतरी आठ वर्षं आपल्या पद्धतीने हाकलेली. शनिवारी मेकॅनिकला सोबत घेऊन जायचं ठरलं. त्याने एकच अट घातली आहे: गाडी बघण्याआधी मालकाने इंजिन गरम करून ठेवायचं नाही.